हौसेचें मोल

हौसेला मोल नाहीं, असें मराठींत म्हणतात. हें वचन रूढ झालें त्या काळीं हौसेची वस्तु बाजारांत जाऊन, हातांत घेऊन, दुकानदाराशीं घासाघीस करून आणावी लागे. आतां तीच वस्तु मध्यरात्रीं अंथरुणावर पडल्या पडल्या, बोटाच्या एका स्पर्शानें मागवितां येते; आणि तीहि अर्ध्या किंमतींत! संगणकावर संगीत करणाऱ्या हौशी मंडळींना हा मोह नित्याचा आहे. स्वस्तांत मिळालेल्या वस्तूचें खरें मोल पुढें केव्हां तरी चुकवावें लागतें, हा अनुभवहि तितकाच नित्याचा आहे.

पुण्याच्या एका जुन्या पेठेंत राहणाऱ्या एका गृहस्थांचें उदाहरण या बाबतींत घेण्यासारखें आहे. त्यांचा सारा जन्म बँकेंत आंकडेमोड करण्यांत गेला. परंतु पेटीचा नाद लहानपणापासूनचा. २००८ सालीं ते निवृत्त झाले आणि चिरंजीवांनीं टाकून दिलेला संगणक त्यांनीं आपल्या खोलींत मांडला. ज्यांच्या घरीं अशी एखादी खोली आहे त्यांना तिचें वर्णन परकें वाटणार नाहीं : टेबलावर संगणक, शेजारीं पेटी, पायांखालीं तारांचें जाळें, आणि दाराशीं उभी राहून ‘जेवायला येतां ना?’ असें तिसऱ्यांदां विचारणारी गृहिणी.

ध्वनिमुद्रण ही एके काळीं स्टुडिओवाल्यांची मिरास होती. ती हळूहळू मोडत गेली. निरनिराळ्या कारखान्यांचीं वाद्यें एकमेकांशीं बोलूं शकतील अशी ‘मिडी’ नांवाची संकेतपद्धति १९८३ सालीं प्रसिद्ध झाली. १९८५ मध्यें आलेल्या ‘अटारी एस्. टी.’ या घरगुती संगणकाला मिडीची तार जोडण्याची सोय मुळांतच होती. २००० सालीं ‘ऑडॅसिटी’ हा ध्वनिमुद्रणाचा प्रोग्रॅम लोकांना विनामूल्य मिळूं लागला. आवाजाच्या लहरीचें सेकंदाला ४४,१०० वेळां माप घ्यावयाचें आणि तीं मापें आंकड्यांत लिहून ठेवावयाचीं, हें सी. डी.च्या दर्जाच्या मुद्रणामागील तत्त्व. अशा एका मिनिटाच्या स्टीरिओ मुद्रणाला सुमारें १० मेगाबाइट जागा लागते. खोलीभर यंत्रांचें काम अशा रीतीनें टेबलाच्या एका कोपऱ्यावर होऊं लागलें.

या गृहस्थांची पहिली अडचण मात्र चमत्कारिक होती. संगणकाला जोडलेल्या कीबोर्डची पट्टी दाबली कीं सूर किंचित् उशिरां उमटे. याचें कारण असें कीं, संगणक आवाजाचीं कांहीं मापें अगोदर गोळा करतो आणि मग तीं एकदम बाहेर सोडतो. एका वेळीं १,०२४ मापें गोळा केलीं तर सुमारें २३ सहस्रांश सेकंद जातात. एवढ्या वेळांत आवाज हवेंतून जवळजवळ ८ मीटर जातो. म्हणजे बोटें आपल्या घरांत आणि पेटी शेजाऱ्याच्या, असा प्रकार झाला! तो आंकडा २५६ वर आणतांच हें अंतर २ मीटरांवर आलें आणि हात मोकळा झाला. यासाठीं एक पैहि खर्च झाली नाहीं. प्रोग्रॅमची माहितीपुस्तिका शांतपणें वाचावी लागली, इतकेंच.

दुसरी अडचण सुराची. कीबोर्डचे बारा स्वर सारख्या अंतरावर बसविलेले असतात. सप्तकाचे १,२०० सूक्ष्म भाग कल्पिले, तर त्यांत शुद्ध गांधार षड्जापासून ४०० व्या भागावर येतो. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेंतून ऐकूं येणारा स्वयंभू गांधार मात्र ३८६ च्या सुमारास असतो. हा १४ भागांचा फरक तयार कानाला खटकल्याशिवाय राहत नाहीं. पेटीच्या अशाच उणिवांवरून मोठा वाद माजला होता; ऑल इंडिया रेडिओनें १९४० सालीं पेटीवर जी बंदी घातली ती १९७१ मध्यें उठली. संगणकांत मात्र गांधार १४ भागांनीं उतरविणें हें दोन क्षणांचें काम आहे. तंबोऱ्याच्या नादांत तो गांधार प्रथम मिसळून गेला त्या संध्याकाळीं हे गृहस्थ बराच वेळ तो एकच स्वर ऐकत बसले होते.

एवढ्यावर समाधान मानलें असतें तर पुढील हकीकत सांगण्याचें कारण पडलें नसतें. परंतु दसरा-दिवाळीचे सेल लागले आणि पडद्यावर जाहिरातींची रांग लागली. प्रथम एक कंडेन्सर मायक्रोफोन निम्म्या किंमतींत आला, तो मुकाच निघाला. चौकशीअंतीं कळलें कीं, त्याला ४८ व्होल्टांचा वीजपुरवठा लागतो आणि तो देणारें यंत्र निराळें घ्यावें लागतें. तें घेतलें, म्हणजे निम्म्या किंमतीची वस्तु दीडपट किंमतीला पडली. नंतर एक जुना कीबोर्ड आला, त्याबरोबर अडॅप्टर नव्हता. घरांतील दुसराच अडॅप्टर लावला. त्याचे धन आणि ऋण टोंक उलट असल्यानें कीबोर्ड कायमचा निजला. पुढें एका मोठ्या प्रोग्रॅमची जुनी प्रत अगदीं पाण्याच्या भावानें मिळाली. पण ती चालविण्यासाठीं संगणकाला जोडावी लागणारी छोटी किल्ली विकणाऱ्यानें दिलीच नव्हती. ईबे या लिलावाच्या संकेतस्थळावर १९९५ सालीं पहिली जी वस्तु विकली गेली, ती म्हणजे एक बिघडलेला लेझर पॉइंटर. किंमत १४ डॉलर ८३ सेंट. परंतु तो बिघडलेला आहे हें घेणाऱ्याला निदान ठाऊक तरी होतें!

नको झालेल्या वस्तु विकावयास काढल्या, तेव्हां तेथेंहि एक भामटा भेटला. ‘हा कोड स्कॅन करून पिन घाला, म्हणजे पैसे तुमच्या खात्यांत जमा होतील,’ असें तो म्हणाला. पैसे घेणाऱ्याला पिन घालावा लागत नाहीं. पिन लागतो तो देणाऱ्याला. बँकेंत आयुष्य गेलेल्या माणसाला हें कळलें आणि तो फास टळला. ज्यांचा टळत नाहीं त्यांनीं विलंब न लावतां १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी, एवढें येथें सांगून ठेवणें अवश्य आहे.

पैशाचें हें नुकसान भरून येण्यासारखें होतें. खरें नुकसान निराळेंच होतें. २००९ च्या भाऊबिजेला या गृहस्थांच्या वडील भगिनी त्यांच्या घरीं आल्या होत्या. सारें घर त्यांना आक्का म्हणे. आक्कांना जात्यावरच्या ओव्या पुष्कळ येत. दोन दुपारीं बसून बंधूंनीं त्यांच्या आठ-दहा ओव्या संगणकावर उतरून घेतल्या. आतां त्यांना मागें तंबोरा द्यावा, थोडी गुंज द्यावी, मग सर्वांना ऐकवाव्या, असा बेत ठरला. परंतु नवें साधन आलें कीं काम पुन्हां पहिल्यापासून सुरू होई. ‘अरे, माझ्या ओव्या कधीं ऐकवतोस?’ असें आक्का फोनवर विचारीत. ‘थोडं काम राहिलंय, आक्का,’ हें ठरलेलें उत्तर. २०१६ सालीं आक्का गेल्या. ओव्या त्यांच्या कानांवर पडल्याच नाहींत.

पुढें २०२० मध्यें जुना संगणक बंद पडला. फाइलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर होती, पण नव्या संगणकावर तो जुना प्रोग्रॅम चालेना; त्याचा परवाना तपासणारें दूरचें केंद्रहि विकणाऱ्यांनीं बंद केलेलें. फाइल डोळ्यांसमोर, पण उघडण्याचा मार्ग नाहीं! त्या चार-सहा दिवसांत गृहस्थांचें जेवणांत लक्ष लागलें नाहीं. शेवटीं नातीनें विचारलें, ‘आजोबा, या फाइलीच्या शेजारचा फोल्डर उघडून पाहिलात का?’ त्या फोल्डरांत प्रोग्रॅमनें मूळ आवाज साध्या ‘वेव्ह’ फाइलींच्या रूपानें ठेवून दिलेला होता. अशा पुष्कळशा प्रोग्रॅमांची हीच रीत असते. दिलेली गुंज गेली, लावलेला तंबोरा गेला. राहिला तो आवाज. आरंभीं कुकरची एक शिटी, मग आक्कांचा प्रश्न : ‘अरे, सुरू झालं का तुझं यंत्र?’ आणि लगेच पहिली ओवी. त्यांत एकाहि स्वराची डागडुजी करावी असें कोणालाहि वाटलें नाहीं. त्याच रात्रीं त्या ओव्या आक्कांच्या मुलांकडे जशाच्या तशा धाडण्यांत आल्या.

ज्यांच्या घरीं ही हौस आहे त्यांनीं यांतून थोडें उचलावें. काम कोणत्याहि प्रोग्रॅमांत केलें तरी दिवसाच्या शेवटीं त्याची एक साधी वेव्ह प्रत आणि वाद्यांची मिडी प्रत काढून ठेवावी. कारण त्या पुढेंहि दुसऱ्या प्रोग्रॅमांत उघडण्याची आशा असते. त्या प्रती दोन निराळ्या ठिकाणीं ठेवाव्या. स्वस्त वस्तु घेण्यापूर्वीं ती चालविण्यास आणखी काय काय लागतें याची चौकशी करावी. आणि घरच्या वडीलधाऱ्यांचा आवाज उतरून घेतला असेल, तर तो नटविण्याआधीं त्यांना ऐकवावा.

त्या गृहस्थांच्या खोलींत सेलची जाहिरात आजहि येते, आणि त्यांचें बोट अजूनहि तिच्याकडे वळतें. पण पडद्याच्या कडेला त्यांनीं स्वतःच्या अक्षरांत एक चिठ्ठी डकविली आहे : ‘हातांतलें गाणें पुरें झालें का?’ बहुधा तें झालेलें नसतें. आणि मग जाहिरात मिटून ते पेटी पुढें ओढतात.