तीन मद्यार्क, तीन वाटा

ताडी उघडी राहिली की आंबते, हे कुणास नव्याने सांगावयास नको. तिच्यातील मद्यार्काचा सूक्ष्म जंतूंच्या साह्याने हवेतील ऑक्सिजनशी संयोग होतो आणि शिर्का, म्हणजेच ॲसेटिक आम्ल, तयार होते. परंतु मद्यार्क एकदम आम्ल होत नाही. प्रथम तो आपला काही हायड्रोजन गमावतो आणि अल्डिहाइड बनतो. १८३५ साली लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने हे नाव दिले. ‘हायड्रोजन काढून घेतलेला अल्कोहोल’ या अर्थाच्या लॅटिन शब्दांतून त्याने ते घडविले.

अल्कोहोल हे एका पदार्थाचे नाव नव्हे. ते एक कुळ आहे. हात निर्जंतुक करण्यासाठी वापरतात तो आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. त्याच्या ऑक्सिडीकरणाने ॲसेटोन मिळतो. तो अल्डिहाइड नसून कीटोन आहे. अल्डिहाइडच्या मोक्याच्या कार्बनवर एक हायड्रोजन शिल्लक असतो, म्हणून तो पुढे जाऊन आम्ल होऊ शकतो. कीटोनपाशी तो नसतो. त्याची वाट तेथेच थांबते.

या दोघांना ओळखण्याची युक्तीही याच फरकातून निघाली. अमोनिया घातलेले सिल्व्हर नायट्रेटचे द्रावण स्वच्छ परीक्षानळीत घेऊन त्यात अल्डिहाइड टाकावा व नळी कोमट पाण्यात धरावी. अल्डिहाइडचे आम्ल होते, चांदी सुटी होते आणि काचेवर लखलखीत आरसा उमटतो. टोलेन्सची परीक्षा ती हीच. ॲसेटोन टाकला, तर आरसा उमटत नाही.

आता कोणी म्हणेल, या नळ्यांशी आमचा संबंध काय? संबंध प्राणाशी आहे. आपले यकृतही हेच ऑक्सिडीकरण करते. नेहमीच्या मद्यातील एथिल अल्कोहोलचे शेवटी ॲसेटिक आम्ल होते व शरीर ते जाळून टाकते. मेथिल अल्कोहोलचे मात्र प्रथम फॉर्माल्डिहाइड व मग फॉर्मिक आम्ल होते. हे आम्ल शरीरातून फार सावकाश नाहीसे होते. ते साचते, दृष्टी हिरावते आणि प्राणही घेते. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणी भागात मेथिलमिश्रित दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली.

या विषाचा कावा त्याच्या विलंबात आहे. मेथिल अल्कोहोल स्वतः फारसा घातक नसतो. घातक होते ते त्याचे रूपांतर, आणि त्यास अनेक तास लागतात. प्यायलेला माणूस रात्री ठीक असतो; सकाळी डोळ्यांपुढे धुके येते. म्हणून संशय येताच, लक्षणांची वाट न पाहता, रुग्णालय गाठले पाहिजे. तेथे डॉक्टर यकृतातील ऑक्सिडीकरणाची पहिलीच पायरी रोखतात. त्यासाठी फोमेपिझोल हे औषध देतात, किंवा मोजून एथिल अल्कोहोल देतात. कारण यकृतातील विकर त्यालाच आधी पत्करते. अर्थात हा उपचार रुग्णालयातलाच. घरी करून पाहण्याचा नव्हे.

रंग सारखा, वासही जवळजवळ सारखा. पण एकाची अखेर शिर्क्यात, तर दुसऱ्याची अंधत्वात. पदार्थाची पारख रूपावरून नव्हे, तर त्याच्या वर्तनावरून करावी, हा रसायनशास्त्राचा धडा येथे जिवाच्या मोलाचा ठरतो.