हवामानाचा नकाशा आणि आपली शाळा

(कोपरी, ठाणे पूर्व येथील प्राथमिक शिक्षकांच्या सभेत दिलेले व्याख्यान)



हवामानाचा नकाशा हा केवळ वेधशाळेचा विषय आहे, असा समज आपणांत रूढ आहे. परंतु पाऊस कोसळत असताना ओढ्यापलीकडच्या पाड्यावरील मुलांना घरी केव्हा सोडावयाचे, हा निर्णय वेधशाळा घेत नाही. तो आपणांसच घ्यावा लागतो. म्हणून हा नकाशा वाचण्याची विद्या प्रत्येक शिक्षकाने हस्तगत केली पाहिजे.

नकाशावरील वळणावळणाच्या रेषा म्हणजे समदाब रेषा होत. समुद्रसपाटीच्या हिशेबाने हवेचा दाब जेथे सारखा असतो, ती ठिकाणे या रेषांनी जोडलेली असतात. रेषा दाट असल्या की वारा जोराचा, विरळ असल्या की मंद, हे सूत्र मुलांना प्रथम सांगावे. नंतर त्यांना मोकळ्या पटांगणात नेऊन वाऱ्याकडे पाठ करून उभे करावे. उत्तर गोलार्धात अशा वेळी कमी दाबाचे क्षेत्र डाव्या हाताला असते. डच शास्त्रज्ञ बाइज बॅलट यांनी १८५७ मध्ये हा नियम मांडला. पावसाळ्यातील नैऋत्य वाऱ्याकडे पाठ केली असता आपला डावा हात वायव्येस, म्हणजे राजस्थान व सिंधच्या तापलेल्या प्रदेशाच्या बाजूस येतो. मोसमी वारे कोणत्या ओढीने येतात, हे मुलांना तेथेच उमगते.

पाठ्यपुस्तकांत आघाड्यांचीही चित्रे असतात. थंड व उबदार वायुराशी जेथे एकमेकींस भिडतात, त्या सीमेस आघाडी म्हणतात. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास नॉर्वेतील बर्गेन येथील शास्त्रज्ञांनी ही कल्पना मांडली व शब्दही रणांगणावरून घेतला. निळे त्रिकोण शीत आघाडी दर्शवितात, तर तांबडी अर्धवर्तुळे उष्ण आघाडी. मात्र कोकणचा मोसमी पाऊस अशा आघाड्यांमुळे पडत नाही, हे मुलांना स्पष्ट सांगावे. आपण पाहावयाचा तो किनाऱ्यालगतचा कमी दाबाचा पट्टा. तो दक्षिण गुजरातपासून केरळपर्यंत पसरला, की समुद्रावरील बाष्प जोराने आत येते, सह्याद्रीला अडून वर चढते आणि मुसळधार पाऊस होतो.

नकाशाची मर्यादाही ध्यानात ठेवावी. २६ जुलै २००५ रोजी सुरू झालेल्या पावसाची दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला मोजणी झाली, तेव्हा चोवीस तासांत सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर, तर कुलाब्यास अवघा ७३ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. एकाच शहरात एवढे अंतर! आपला जिल्हा तर ठाण्याच्या खाडीपासून माळशेज घाटापर्यंत पसरलेला आहे. जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीच्या पुराने बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली होती. जिल्ह्यास दिलेला इशारा प्रत्येक ओढ्याची पातळी सांगू शकत नाही.

यास्तव पावसाळ्यात रोज परिपाठाच्या वेळी एका मुलाने हवामान विभागाचा इशारा फळ्यावर लिहावा. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा, लाल म्हणजे कृती करा. त्याखाली वाऱ्याची दिशा, शाळेच्या पर्जन्यमापकातील पाऊस व ओढ्याचे पाणी लिहावे. पाणी ठरविलेल्या खुणेपर्यंत चढले, तर इशारा कोणत्याही रंगाचा असो, पलीकडची मुले पालक येईपर्यंत शाळेतच थांबवावीत. ही खूण कोठे करावयाची, हे पाऊस सुरू होण्यापूर्वीच गावकऱ्यांशी बोलून ठरवावे, एवढीच माझी आपणांस विनंती आहे.