जाहिरात आणि वाचकाचा संयम

(छत्रपती संभाजीनगर येथे मराठवाड्यातील लघुवृत्तपत्रांचे संपादक व व्यवस्थापक यांच्यासमोर केलेले भाषण)

वृत्तपत्र आणि अर्थकारण यांचा झगडा मराठी पत्रसृष्टीच्या जन्मापासूनचा आहे. बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू केले आणि १८४० मध्ये ते बंद पडले. तेव्हापासून आजतागायत खर्चाची तोंडमिळवणी कशी करावी, हा प्रश्न प्रत्येक संपादकापुढे उभा राहिला आहे. या प्रश्नाला सापडलेले सर्वांत टिकाऊ उत्तर म्हणजे जाहिरात. म्हणून जाहिरातीचा सरसकट निषेध करण्यासाठी मी येथे उभा नाही. मोबाइलच्या पडद्यावर जाहिरातीने जे रूप धारण केले आहे, त्यामुळे आपला वाचक आपल्यापासून दूर जात आहे, एवढेच मला आपल्या निदर्शनास आणून द्यावयाचे आहे.

आपल्या खेड्यांत दवंडी पिटली जात असे. दवंडीवाला चौकात उभा राही, हलगी वाजवी, चार वाक्ये बोले आणि पुढे जाई. तो कोणाच्या माजघरात शिरत नसे. छापील पानावरील जाहिरातीनेही ही मर्यादा पाळली. ती आपल्या चौकटीत राहिली. वाचकाने पाहिली तर पाहिली, नाही तर पान उलटले. दूरचित्रवाणीवर व्यत्यय आला, परंतु तेथेही केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियमांनी दर तासाला १२ मिनिटांची मर्यादा घातली. मोबाइलवरील पानाला मात्र असे कोणतेही घड्याळ नाही.

कन्नड किंवा वैजापूर तालुक्यातील एखादा शेतकरी डोळ्यांसमोर आणा. त्याला कांद्याचा अथवा आल्याचा आजचा भाव पाहावयाचा आहे. शिवारात नेटवर्क जेमतेम आहे. तो आपल्या वृत्तपत्राचे पान उघडतो. प्रथम संपूर्ण पडदा व्यापणारी जाहिरात येते. ती बंद करण्याची फुली इतकी बारीक, की कष्टाने जाड झालेल्या बोटाखाली ती सापडत नाही. फुली सापडते तोच खालून एक पट्टी वर सरकते आणि कोपऱ्यात चित्रफीत मोठ्याने बोलू लागते. बातमी वाचावयास घ्यावी, तर उशिरा उतरलेल्या जाहिरातीमुळे मजकूर खाली ढकलला जातो आणि बोट नको तेथे पडते. या चित्रांसाठी आणि चित्रफितींसाठी खर्च होणारा डेटा त्याच्याच पैशाचा असतो. भाव कळण्यापूर्वीच तो पान बंद करतो आणि व्हॉट्सॲपवरील गटात कोणी काय पाठविले आहे, ते पाहतो. तेथे आलेला भाव खरा की खोटा, हे सांगणारा संपादक नसतो. मित्रहो, आपले खरे नुकसान येथे आहे. वाचक जातो तेव्हा तो बातमीच्या खातरजमेपासूनही दूर जातो.

हे असे का घडते? आपल्या संकेतस्थळावर कोणती जाहिरात झळकणार, हे बहुधा आपण ठरवीत नाही. पान उघडत असताना, क्षणाच्या अल्पांशात, त्या वाचकाच्या नजरेचा लिलाव होतो आणि चढी बोली लावणाऱ्याची जाहिरात तेथे येते. आपल्या हाती दर हजार दर्शनांमागे अल्प रक्कम पडते. उत्पन्न कमी म्हणून आपण जाहिराती वाढवितो. जाहिराती वाढल्या म्हणून वाचक घटतो. वाचक घटला म्हणून उत्पन्न आणखी कमी होते. हे दुष्टचक्र आहे, आणि त्यात शेवटी बियाणे विकून खाण्याचीच वेळ येते.

या माध्यमाचा इतिहासही हेच सांगतो. २७ ऑक्टोबर १९९४ रोजी अमेरिकेतील ‘हॉटवायर्ड’ या संकेतस्थळावर पट्टीच्या स्वरूपातील पहिल्या जाहिराती झळकल्या. चारच वर्षांनी, १९९८ मध्ये, राइस विद्यापीठातील बेनवे आणि लेन या संशोधकांनी दाखवून दिले, की पट्टीसारखे दिसणारे काहीही वापरणाऱ्यांच्या नजरेतून सुटते, मग त्यात त्यांना हवी असलेली माहिती का असेना! नजर सरावली, तसा जाहिरातदारांनी आवाज चढविला. झेप घेणाऱ्या, लुकलुकणाऱ्या, वाट अडविणाऱ्या जाहिराती आल्या. अचानक उघडणाऱ्या खिडकीची आज्ञावली ज्यांनी लिहिली, त्या ईथन झुकरमन यांनी २०१४ मध्ये त्याबद्दल जाहीर दिलगिरी व्यक्त केली. वाचकांनी मात्र जाहिराती रोखणारी साधने वापरून आपले उत्तर आधीच दिले होते. अशी साधने चांगल्या आणि वाईट जाहिरातींत भेद करीतच नाहीत, असे नाही. परंतु त्रासलेला वाचक तो भेद करण्याच्या मनःस्थितीत नसतो. एकाच्या अतिरेकाची शिक्षा सर्वांना भोगावी लागते.

पुढे जाहिरात व्यवसायालाच याची जाणीव झाली. २०१६ मध्ये स्थापन झालेल्या ‘कोअलिशन फॉर बेटर ॲड्स’ या संघटनेने हजारो वापरकर्त्यांची मते अजमावून २०१७ मध्ये काही निकष जाहीर केले. आपोआप आवाज करणाऱ्या चित्रफिती, झपाट्याने लुकलुकणारी चित्रे, मोबाइलच्या पानाचा ३० टक्क्यांहून अधिक भाग व्यापणाऱ्या जाहिराती इत्यादी प्रकार त्याज्य ठरविण्यात आले. फेब्रुवारी २०१८ पासून गुगलच्या क्रोम ब्राउझरने हे निकष वारंवार मोडणाऱ्या संकेतस्थळांवरील जाहिराती रोखण्यास प्रारंभ केला आणि जुलै २०१९ पासून ही व्यवस्था जगभर लागू झाली.

आपल्या देशातही कायद्याने या प्रश्नाची दखल घेतली आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. या प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मार्गदर्शक तत्त्वे जारी करून ग्राहकाला फसविणाऱ्या १३ क्लृप्त्यांना प्रतिबंध केला. बातमीच्या वेषात येणारी छुपी जाहिरात, खोटी घाई निर्माण करणे, पुन्हा पुन्हा सतावणे यांचा त्यांत समावेश आहे. ग्राहकाला १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. जाहिरातीतून आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावे. हे दोन्ही क्रमांक आपण आपल्या वाचकांपर्यंत अवश्य पोहोचवावेत.

परंतु कायदा हा शेवटचा उपाय असतो. शहरांतील अनधिकृत फलकांबाबत आपला अनुभव काय आहे? मालमत्तेच्या विद्रूपणास प्रतिबंध करणारा राज्याचा अधिनियम १९९५ चा. तरीही चौक विद्रूप होत राहिले आणि १३ मे २०२४ रोजी घाटकोपर येथे महाकाय फलक कोसळून १७ जणांना प्राण गमवावे लागले. मर्यादा स्वतःहून पाळली गेली नाही, तर केवळ कायद्याचे पुस्तक पुरेसे पडत नाही.

म्हणून काही सूचना आपल्यापुढे ठेवतो. एक, पानावरील जाहिरातींची कमाल संख्या आपणच ठरवावी आणि ती वाचकांना जाहीर करावी. दोन, जाहिरातीवर ‘जाहिरात’ हा शब्द ठळक, मराठीत असावा. तीन, हवामानाचा इशारा, धरणातील विसर्ग, बाजारभाव आणि निधनवार्ता यांच्या पानांवर वाट अडविणारी जाहिरात नसावी. चार, मध्यस्थ कंपन्यांच्या व्यवस्थेत नको असलेले जाहिरातप्रकार बंद करण्याची सोय असते, तिचा उपयोग करावा. पाच, स्थानिक जाहिरातदारांकडे थेट जावे. बियाण्यांचे दुकानदार, अवजारांचे विक्रेते, गुलमंडीवरील कापड व्यापारी यांना आपला वाचकच गिऱ्हाईक म्हणून हवा असतो. त्यांची एक नेटकी, स्थिर जाहिरात वाचकालाही उपयोगी वाटते.

वाचकांचेही कर्तव्य आहे. बातमी जमविण्यास श्रम आणि पैसा लागतो. ज्याला स्वच्छ पान हवे, त्याने यथाशक्ती वर्गणी देण्याची तयारी ठेवली पाहिजे. अर्थात, वर्गणी मागण्याचा अधिकार आधी आपल्या वर्तनाने मिळवावा लागेल.

वाचकाचे लक्ष ही त्याने विश्वासाने आपल्या स्वाधीन केलेली ठेव आहे. ठेवीचा मान राखणाऱ्या पेढीकडे लोक पुन्हा येतात. मराठवाड्यातील लघुवृत्तपत्रांनी हा मान राखावा, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.