पोर्ट लुई : आठ तासांचे बंदर

(समुद्रपर्यटनावरील एका व्याख्यानाचा संपादित भाग)



पर्यटकांचे जहाज एखाद्या बेटाच्या बंदरास लागते, तेव्हा प्रवाशाच्या हाती जेमतेम आठ-दहा तास असतात. न्याहारी जहाजावर झालेली असते, रात्रीचे जेवणही तेथेच व्हावयाचे असते. मधल्या वेळात तो वाळूवर पहुडतो, चार छायाचित्रे घेतो आणि परततो. आपण बेट पाहिले असे तो म्हणतो. वस्तुतः त्याने केवळ किनारा पाहिलेला असतो. मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात मराठी प्रवाशाने तरी असे करू नये, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

हे बंदर बेटाच्या वायव्येस आहे. आग्नेयेकडून येणारे वारे मोका पर्वतरांगेमुळे अडतात. त्यामुळे जहाजांना येथे निवारा मिळतो. फ्रेंच गव्हर्नर माहे द ला बूर्दोने याने अठराव्या शतकात या बंदराची उभारणी केली. १८१० मध्ये बेट इंग्रजांच्या ताब्यात गेले. पुढे गुलामगिरी संपुष्टात येणार हे ठरताच उसाच्या मळ्यांना नव्या मजुरांची निकड भासली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलास’ जहाजाने कलकत्त्याहून ३६ मजूर आणले. १९२० पर्यंत करारबद्ध होऊन आलेल्या भारतीयांची संख्या सुमारे साडेचार लाखांवर गेली. मुंबईहूनही जहाजे सुटली. त्यांत रत्नागिरीकडील पुष्कळ मराठी माणसे होती.

ही माणसे ज्या धक्क्यावर उतरली, तो आप्रवासी घाट आजही बंदरालगत उभा आहे. धक्क्यापासून वर जाणाऱ्या त्याच्या सोळा पायऱ्या प्रसिद्ध आहेत. त्या चढून आलेल्यांची येथे नोंद होई आणि सुमारे दोन दिवसांनी त्यांची मळ्यांवर रवानगी होई. २००६ मध्ये युनेस्कोने या स्थळास जागतिक वारशाचा दर्जा दिला. प्रवाशाने आपला पहिला तास या पायऱ्यांसाठी राखून ठेवावा. घाट उघडा असण्याच्या वेळा मात्र आधी विचारून घ्याव्यात.

त्यानंतर शहरातील मध्यवर्ती बाजारात पायी फिरावे. राहणे व जेवण जहाजावरच असल्याने अशा प्रवाशांचा बराचसा पैसा बंदरात उतरतच नाही. भाजीवाला, मसाल्याचा दुकानदार, टॅक्सीचालक यांच्या पदरी पडते ते प्रवासी स्वतः जे खर्च करील तेवढेच. म्हणून फळे, चहा, दोन घास तेथेच घ्यावेत.

वेळ उरल्यास मोका येथे जावे. तेथील महात्मा गांधी संस्थेत मजुरांच्या आगमनाची दप्तरे जतन केलेली आहेत. नाव, वय, गाव आणि जहाज अशा नोंदींतून वंशजांना आपले मूळ शोधता येते. या देशात गणेशचतुर्थीस सार्वजनिक सुटी असते आणि शाळांतून मराठीही शिकविली जाते. ज्यांच्याजवळ परतीची शाश्वती नव्हती, त्यांनी भाषा आणि सण मात्र सोबत नेले व पिढ्यान्‌पिढ्या जपले.

आपले जहाज सायंकाळी सुटते. परतीचे तिकीट आपल्या खिशात असते. त्या सोळा पायऱ्यांवर क्षणभर थांबून या एका फरकाचा विचार केला, तरी आठ तास सार्थकी लागले असे मी म्हणेन.