मिसफायरचा कोड आला, लगेच कॉइल बदलायची का?

सिग्नलला गाडी थरथरते, पिकअप जातो आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. तो लुकलुकत असेल तर गाडी बाजूला घ्या आणि बंदच करा. न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करतं, आणि तो खर्च कॉइलच्या कितीतरी पट.

आता स्कॅनर. माझ्या गाडीला कोड आला पी ०३०२. म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर. बस्स, एवढंच! पार्ट कुठला, ते तो सांगत नाही. गॅरेजवाला मात्र थेट म्हणाला, चारही कॉइल बदला.

मी म्हटलं, थांबा जरा. आधी फ्रीझ फ्रेमचा फोटो काढला, कारण कोड पुसला की तोही जातो. इंजिन थंड झाल्यावर दोनची कॉइल तीनवर लावली, तीनची दोनवर. कोड पुसून चक्कर मारली. ०३०३ आला असता तर कॉइलच दोषी. पण आला परत ०३०२. मग प्लगची अदलाबदल केली आणि मिसफायर तीनवर गेला. प्लगच्या पांढऱ्या भागाला केसाएवढी चीर होती, बघा! नवीन प्लगांवर काम भागलं. तसं झालं नसतं तर पुढे इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन.

आणि कोड पी ०३०० असेल, म्हणजे ठरावीक सिलिंडर नाही, तर लाइव्ह डेटात फ्युएल ट्रिम बघा. आयडलिंगला बराच प्लस आणि रेस दिल्यावर कमी होत असेल, तर कुठूनतरी जादा हवा ओढली जातेय. आधी व्हॅक्युमचे पाइप तपासा.