दुष्काळ कसा मोजावा?

(शाळेच्या हीरक महोत्सवी समारंभात वडोदरा येथे एका माजी विद्यार्थ्याने केलेले भाषण)



ज्या सभागृहात पाढे चुकले म्हणून मी उभा राहिलो, तेथेच आज मला बोलण्यासाठी उभे केले आहे. आयुष्याची तीस वर्षे मी विहिरींत फीत सोडून पाण्याची पातळी मोजण्यात घालवली. म्हणून आजचा विषयही मोजमापाचाच घेतो. एक दुष्काळ दुसऱ्यापेक्षा मोठा होता, असे आपण सहज म्हणतो. ते कोणत्या मापाने म्हणतो?

माझी आजी छप्पन्यात जन्मली. छप्पन्या म्हणजे विक्रम संवत १९५६, इसवी सन १८९९-१९०० चा दुष्काळ. आम्ही भावंडे ताटावर तुटून पडलो की ती म्हणे, "अरे, छप्पन्यातून आलात का?" आम्हांला हसू येई. या वाक्यामागे काय दडले आहे, हे पुढे बडोदे संस्थानाच्या जनगणनेचे आकडे पाहिले तेव्हा कळले. १८९१ साली संस्थानाची लोकसंख्या सुमारे २४ लाख होती. १९०१ साली ती साडेएकोणीस लाखांच्या आसपास उरली. दहा वर्षांत वाढायची ती माणसे वाढली नाहीतच, वर साडेचार लाख कमी झाली. यात उपाशी मेलेले किती, पटकीने व तापाने गेलेले किती, घर सोडून निघून गेलेले किती, हे वेगळे काढणे कठीण आहे. म्हणूनच त्या दुष्काळातील मृत्यूंचे देशभराचे अंदाज दहा लाखांपासून त्याच्या कितीतरी पटींपर्यंत जातात.

त्या वेळी आगगाडी होती. दुसऱ्या प्रांतातून धान्य येऊ शकत होते. पण शेत ओसाड पडल्यावर मजुराच्या हाती पैसा कोठून येणार? बाजारात धान्य दिसे, घरात येत नसे. गुरांचे हाल तर त्याहून मोठे. धान्याचे पोते गाडीने नेता येते, पण लाखो गुरांना पुरेल एवढी वैरण वाहून नेणे फार अवघड. गुजरातची जनावरे अपरिमित मेली. आणि बैल गेल्यावर पुढच्या वर्षी पाऊस पडूनही नांगर ओढायला कोणी उरले नाही. दुष्काळ पावसाबरोबर संपत नाही, तो असा.

आता बाहत्तर सालाकडे या. मी तेव्हा याच शाळेत पाचवीत होतो. देशाचा पावसाळी पाऊस सरासरीपेक्षा सुमारे २४ टक्के कमी पडला. महाराष्ट्रात तर १९७० पासून पीक हातचे जात होते. बीड जिल्ह्यातले माझे मामा त्या उन्हाळ्यात आमच्याकडे आले, तेव्हा त्यांच्या तळहातांना खडी फोडून घट्टे पडलेले होते. दुष्काळी कामावरची सुकडी आणि रेशनवर मिळणारी परदेशी मिलो यांच्या गोष्टी ते सांगत. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रातील दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसे होती. हाल अपार झाले. पण छप्पन्यासारखी गावे ओस पडली नाहीत. पावसाची तूट भीषण होती, तरी मजुराच्या हाती मजुरी पडत होती. वि. स. पागे यांनी पुरस्कारलेली रोजगार हमी योजना याच काळात राज्यभर रुजली, १९७७ साली तिचा कायदा झाला, आणि पुढे २००५ च्या राष्ट्रीय कायद्याला तिने वाट दाखवली.

तिसरे चित्र आपल्या गुजरातचेच. १९८६ साली राजकोटला रेल्वेने पाणी पुरवावे लागले. आपल्याला वाटले, हा अपवाद आहे. तीस वर्षांनी, २०१६ च्या एप्रिलमध्ये, मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी गेली. पहिल्या फेरीत दहा वाघिणी आणि सुमारे पाच लाख लिटर पाणी. आदल्या वर्षी देशाच्या पावसाची तूट होती १४ टक्के, म्हणजे बाहत्तरपेक्षा बरीच कमी. मराठवाड्यात मात्र ती सुमारे ४० टक्के होती. देशाच्या सरासरीत लातूर दिसत नाही, हा मोजमापाचा पहिला धडा.

दुसरा धडा मामांनी दिला. त्या वर्षी ते म्हणाले, "बाहत्तरला दाणा नव्हता, पण आडात पाणी होतं. आता दाणा आहे, पाणी नाही." मराठवाड्यात हे वाक्य अनेकांच्या तोंडी ऐकू येते. बाहत्तरनंतर विंधनविहिरींची यंत्रे गावोगाव पोचली. त्यांनी लोकांची तहान भागवली, यात शंका नाही. पण त्याच भोकांतून उसालाही पाणी गेले. खडकात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेले पाणी, म्हणजे आडवर्षासाठी ठेवलेली शिल्लक, आपण चांगल्या वर्षांतच खर्चून बसलो.

म्हणून दुष्काळाला एक माप पुरत नाही. हवामान खाते पाऊस मोजते: सरासरीच्या २६ ते ५० टक्के तूट म्हणजे मध्यम अवर्षण, त्याहून अधिक म्हणजे तीव्र. महसूल खाते पीक मोजते. जुन्या आणेवारीची आज पैसेवारी झाली आहे आणि तिथे पन्नास पैशांची रेषा महत्त्वाची. भूजलवाले आम्ही विहिरीची खोली मोजतो. पण मजुराची मिळकत, दावणीची गुरे आणि पाण्यासाठी घागर घेऊन चालणाऱ्या बाईची पायपीट ही मापेही त्याच वहीत लिहिली पाहिजेत. पावसाच्या आणि माणसांच्या मापाने छप्पन्या मोठा, पण जमिनीखालच्या शिल्लकीच्या मापाने आजचा काळ सर्वांत चिंतेचा. अवर्षण आकाशातून येते. त्याचा दुष्काळ होतो की नाही, हे बऱ्याच अंशी आपण जमिनीवर काय केले यावर ठरते.

आता घरचा विषय. शाळेच्या मागच्या अंगणातील विहीर आपणा सर्वांना आठवत असेल. गेली कित्येक वर्षे तिच्यावर जाळी आहे आणि उन्हाळ्यात शाळेत टँकर येतो. महोत्सवी निधीतून ती बुजवून तेथे वाहनतळ करावा, अशी सूचना आली आहे. सूचना करणाऱ्यांचा हेतू चांगला आहे. पालकांची अडचण खरी आहे. तरीही माझी हात जोडून विनंती आहे, ती बुजवू नये. गाळ काढावा, कठडा बांधून भक्कम जाळी बसवावी, आणि छपरावरचे पावसाचे पाणी गाळून तिच्यात सोडावे. या कामाचा खर्च उचलण्यास माझ्या तुकडीतील आम्ही सर्व तयार आहोत.

बदल्यात एकच मागणे आहे. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, शिक्षकांच्या देखरेखीखाली, आठवीच्या मुलांनी तिच्यात फीत सोडावी आणि पाण्याची पातळी वहीत लिहावी. माझी जुनी फीत मी आज मुख्याध्यापकांच्या स्वाधीन करतो. शाळेच्या अमृत महोत्सवात त्या वहीत पंधरा वर्षांच्या नोंदी असतील. पाणी वाढले की आटले, हे सांगायला तेव्हा कोणा पाहुण्याची गरज पडू नये.