कपाटाची किल्ली

मुले वाचत नाहीत, अशी तक्रार आपण सर्वत्र ऐकतो. कोणी मोबाईलला दोष देतो, कोणी शाळेला, कोणी पालकांना. या तक्रारींत तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. पण आज मला बोलायचे आहे ते वाचनालयातील कपाटाच्या कुलपाविषयी. ते कुलूप घट्ट करण्यात माझ्यासारख्या अधिकाऱ्यांचाही हात आहे.

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी वाचनालयाची तपासणी करण्याचा मला योग आला. बालविभागाची पुस्तके काचेच्या कपाटात ओळीने मांडलेली होती. दाखल नोंदवहीशी मी ती ताडून पाहिली. एकही पुस्तक गहाळ नव्हते, एकाचेही पान दुमडलेले नव्हते. 'सर्व पुस्तके सुस्थितीत आहेत,' असा शेरा मी मोठ्या समाधानाने लिहिला. निघताना पाहतो तो नऊ-दहा वर्षांची एक मुलगी कपाटाच्या काचेला नाक लावून उभी. पुस्तक हवे असल्यास त्याचे नाव चिठ्ठीवर लिहून द्यावे, असा तेथील नियम होता. मी विचारले, "कोणतं पुस्तक हवंय तुला?" ती म्हणाली, "उघडून बघितल्याशिवाय कसं सांगू?" ग्रंथपाल ओशाळून म्हणाले, "साहेब, पुस्तक हरवलं तर भरपाई माझ्या खिशातून जाते."

माझा शेरा म्हणजे त्या वाचनालयाच्या अपयशाचा दाखलाच होता, हे मला तेव्हा उमगले.

ग्रंथ हे उपयोगासाठी असतात, हे डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पहिलेच सूत्र म्हणून मांडले. त्याच्याही आधी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी हे जाणले होते. १९०६ साली त्यांनी आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. परंतु शाळा सुटल्यावर हाती पुस्तक आले नाही, तर शिकलेली अक्षरेही पुसली जातात. म्हणून १९१० साली त्यांनी बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण केले आणि लाकडी पेट्यांतून पुस्तके खेडोपाडी फिरू लागली. पुढे १९५१ साली युनेस्कोच्या साहाय्याने दिल्लीत सार्वजनिक ग्रंथालय उघडले. मुलांसाठी तेथे स्वतंत्र विभाग होता, आणि वाचकाने फळीपाशी जाऊन पुस्तक स्वतः निवडावे, अशी रीत होती.

मुलांची वाचनाची गोडी या निवडीतूनच वाढते. मूल चार पुस्तके चाळते, तीन परत ठेवते, चौथ्यात रमते. त्या तिघांवर गेलेला वेळ वाया गेला असे मोठ्यांना वाटते. पण आपल्याला काय आवडते हे त्याला त्याच वेळात कळत असते.

बारा-तेरा वर्षांनंतरची अवस्था अधिक बिकट आहे. बालविभागाची बुटकी बाके या वयाला पुरत नाहीत आणि मोठ्यांच्या विभागात 'हे तुझ्यासाठी नाही' असे ऐकावे लागते. मग ही मुले वाचनालयात येतात ती अभ्यासिकेत, परीक्षेची पुस्तके घरूनच घेऊन. त्यांच्यासाठी प्रवास, विज्ञान, चरित्रे, रहस्यकथा यांची एक वेगळी फळी असावी आणि तीवरील पुस्तके निवडताना त्यांचेही मत घ्यावे. महाराष्ट्राबाहेरील मराठी मंडळांत तर याची निकड अधिक. तेथे मराठी मुलांच्या कानावर पडते, पण डोळ्यांखालून क्वचितच जाते.

मुक्तद्वार ठेवले तर पुस्तके फाटतील, काही हरवतीलही. शाळेत खडू झिजतो, त्याची भरपाई आपण गुरुजींकडून मागत नाही. वाचून जीर्ण झालेले पुस्तक निर्लेखित करण्याची मुभा ग्रंथपालाला द्यावी आणि त्याच्या डोक्यावरील वसुलीची टांगती तलवार काढावी. मग कपाटाची किल्ली तो आपण होऊन बाजूला ठेवील.

हल्ली मी तपासणीला गेलो की प्रथम बालविभागाची देवघेव नोंदवही मागतो. मग फळीवरील एखादे पुस्तक काढून पाहतो. त्याची पाने मळलेली, कोपरे झिजलेले असले, तर शेरा लिहिताना मला पूर्वीपेक्षा अधिक समाधान वाटते.